पाऊस थांबल्यावर लिंक पडते? बाहेरच्या रेडिओत शिरलेलं पाणी कसं शोधायचं आणि कसं थांबवायचं

कोकणात वायरलेस इंटरनेटचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे एक तरी असा पोल असतो, ज्यावरचा रेडिओ (हवेतून इंटरनेटची लिंक, म्हणजे दुवा, जोडणारं यंत्र) दर पावसाळ्यात जातो. मिरगाच्या आधी नवा बसवलेला असतो, जुलैच्या शेवटी त्याचा लॅन पोर्ट मरतो. बदलून दिला की गणपतीच्या तोंडावर त्याच घरातून पुन्हा तोच फोन. मग ठरतं की माल खराब आहे, नाहीतर सिलिकॉन कमी पडलं. पुढच्या खेपेला अख्खी ट्यूब त्याच्यावर रिकामी होते आणि तो रेडिओ आधीच्यापेक्षा लवकर जातो.

अशा पोलवर पाऊस सहसा वरून आत गेलेला नसतो. पाणी केबलच्या आतून आलेलं असतं, किंवा रेडिओने ते स्वतःच आत ओढून घेतलेलं असतं. हे एकदा पटलं की दुरुस्तीची दिशा बदलते. दिसेल ती फट बुजवत बसण्यापेक्षा पाण्याला आत यायला अवघड आणि बाहेर पडायला सोपं कसं होईल, हे बघायला लागतो. खाली जे लिहिलंय ते ५ गिगाहर्ट्झच्या साध्या रेडिओंबद्दल आहे: गिऱ्हाइकाच्या घरावरचे सीपीई, टॉवरवरचे सेक्टर (ठरावीक दिशेला सिग्नल पसरवणारे अँटेना), छोट्या डिश. वायफायच्या बाहेरच्या एपीला (ॲक्सेस पॉइंटला) आणि आयपी कॅमेऱ्यालाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी ठरवा: पाणी आत आहे की नुसतं हवेत आहे

पावसात लिंक पडली की पावसाच्या थेंबांनी सिग्नल खाल्ला, असं सरसकट म्हटलं जातं. ५.८ गिगाहर्ट्झला हे फार क्वचित खरं असतं. ताशी १०० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असला तरी या बँडमध्ये किलोमीटरमागे साधारण एक डीबी (डेसिबल, सिग्नलचं माप) घट होते. असा पाऊस अख्ख्या लिंकवर एकाच वेळी पडत नाही आणि फार वेळ टिकतही नाही. चार-पाच किलोमीटरच्या लिंकला दहा डीबीची शिल्लक ठेवली असेल तर नुसत्या पावसाने ती पडायला नको. ६० गिगाहर्ट्झची गोष्ट वेगळी. तिथे तसल्या पावसात किलोमीटरमागे तीस डीबीच्या आसपास जातात आणि हवेतला ऑक्सिजन पंधराएक डीबी खातो ते निराळंच. ती लिंक पावसात पडली तर ते तिच्या स्वभावाला धरून आहे.

थेंबांचा दोष असेल तर सर ओसरल्यावर दोन-चार मिनिटांत सिग्नल पूर्वीच्या आकड्यावर येतो. लिंकच्या वाटेवर माड किंवा आंब्याचं झाड असेल तर ओली पानं सिग्नल जास्त खातात. मग पाऊस थांबल्यावरही अर्धा-एक तास, पानं सुकेपर्यंत, सिग्नल खाली राहतो आणि वाऱ्याबरोबर वरखाली होतो. आत पाणी गेलं असेल तर या दोन्हींसारखं काहीच होत नाही. पाऊस सकाळी थांबतो आणि लिंक रात्री पडते. किंवा दुपारी कडक ऊन पडलं की पडते, कारण आतलं पाणी वाफ होऊन सर्किटवर पसरतं. किंवा दोन दिवस उघडीप मिळाली की आपोआप बरी होते, आणि गिऱ्हाईक सांगतो, "दादा, आता चालू झालं, येऊ नका." तेव्हा जायलाच हवं. ते पुन्हा बंद पडणार असतं.

रेडिओच्या लॉगमध्ये मी तीन गोष्टी आधी बघतो. पहिली म्हणजे दोन चेनमधला, म्हणजे रेडिओच्या दोन वेगळ्या सिग्नल-वाटांमधला फरक. एरवी दोन्ही चेनचा सिग्नल दोन-तीन डीबीच्या आत असतो. एक चेन -६० आणि दुसरी -७२ दाखवत असेल, आणि कोरड्या दिवसांत असं नसेल, तर त्या एका बाजूच्या कनेक्टरमध्ये किंवा पिगटेलमध्ये (रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या छोट्या केबलमध्ये) पाणी आहे. अँटेना हलली असती तर बहुतेक वेळा दोन्ही चेन खाली गेल्या असत्या. दुसरी गोष्ट लॅन पोर्टचा वेग. गिगाबिटचा पोर्ट १०० मेगाबिटवर किंवा १०० चा पोर्ट १० वर आलेला असेल आणि सीआरसी एररचा (बिघडून पोहोचलेल्या डेटाचा) आकडा चढत असेल, तर वायरलेसकडे बघूच नका, केबल ओली आहे. तिसरी गोष्ट रीस्टार्ट. अपटाइम (रेडिओ किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) पुन्हा पुन्हा शून्यावर येत असेल तर बहुधा पॉवर पुरेशी पोहोचत नाही.

श्रावण आषाढापेक्षा वाईट का

हा भाग नीट समजला तर बाकी सगळं सोपं जातं, म्हणून जरा थांबून सांगतो.

आषाढात झड लागते तेव्हा रेडिओ दिवसभर एकाच तापमानाला असतो. श्रावणात तासभर कडक ऊन, मग अचानक सर, पुन्हा ऊन. उन्हात तापलेल्या रेडिओच्या आतली हवा ६० अंशांपर्यंत सहज जाते. त्यावर थंड सर कोसळली की ती काही मिनिटांत २७-२८ अंशांवर येते. डबा पूर्ण बंद असेल तर आतला दाब यामुळे सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. हवेच्या दाबाचे दहा टक्के म्हणजे साधारण एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. आणि नेमक्या त्याच क्षणी प्रत्येक जोडावर, प्रत्येक गॅस्केटच्या (जोडातल्या रबरी पट्टीच्या) कडेला पाण्याचा थर उभा असतो. केसही न शिरेल एवढी फट असली तरी त्यातून पाणी आत ओढलं जातं. पुन्हा ऊन पडलं की आतली हवा फुगते आणि त्याच फटीतून बाहेर पडते, पण पाणी बाहेर पडत नाही. ते तळाला गेलेलं असतं. दिवसातून तीन-चार वेळा असं चाललं की महिन्याभरात तळाशी चमचाभर पाणी साठतं.

आयपी रेटिंगवर (डबा धूळ-पाणी किती अडवतो ते सांगणाऱ्या क्रमांकावर) विसंबणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. आयपी६७ मधला ७ म्हणजे डबा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवला तरी नुकसान होण्याइतकं पाणी आत शिरत नाही. ही चाचणी नव्या कोऱ्या नमुन्यावर, स्वच्छ पाण्यात होते. श्रावणातली प्रत्येक सर तुमच्या डब्याची जवळपास तीच चाचणी घेते, आणि तीही दोन उन्हाळे खाल्लेल्या कडक गॅस्केटवर. आयपी६५ मधला ५ तर नुसता पाण्याच्या फवाऱ्यासाठी आहे, दाबाच्या फरकाशी त्याचा संबंध नाही. रेटिंग खोटं नसतं. आपण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवतो.

आता सिलिकॉनचं बघा. घरांवर लागणारे बहुतेक स्वस्त सीपीई मुळात हवाबंद नसतातच. खाली केबलचं झाकण असतं, त्याला फट असते, आणि ती फट मुद्दाम ठेवलेली असते. तिथून हवा ये-जा करते आणि चुकून आलेलं पाणी गळून जातं. त्या झाकणावर सिलिकॉन थापलं की आपण त्या रेडिओला अर्धवट हवाबंद करतो. वरच्या शिवणीत गॅस्केट नाही, खालची वाट बंद. मग तो वरच्या शिवणीतून पाणी ओढतो आणि आतल्या आत साठवतो. ट्यूबभर सिलिकॉन मारलेले रेडिओ लवकर जातात ते याच कारणाने. चांगल्या प्रतीच्या हवाबंद डब्यांत छोटी गोल पडदी दिलेली असते. ती हवा जाऊ देते, पाणी अडवते. ती दिसली तर तिच्यावर रंग, टेप, सिलिकॉन काहीही लावू नका.

किनाऱ्यावर आणखी एक भर पडते ती मिठाची. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याखाली क्वचितच येते. म्हणजे सर्किटवर मिठाचा थर एकदा बसला की पाण्याचा थेंबही आत न जाता तो थर चार महिने ओला राहतो. देवबाग, वेळणेश्वर, हर्णे अशा ठिकाणी समुद्राकडे तोंड करून बसवलेला रेडिओ आणि आत दहा किलोमीटरवर बसवलेला तोच रेडिओ यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

केबल म्हणजे नळी

खाडीकाठच्या एका घरातून काकूंचा फोन आला होता की रेडिओला वीज देणाऱ्या भिंतीवरच्या अडॅप्टरमधून पाणी ठिबकतंय. वर स्लॅब, खिडकी बंद, भिंत कोरडी. "भितूर पाऊस नाय, मगे ह्यां पाणी खंयसून इलां?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. केबलवरून बाहेरून हात फिरवला तर ती कोरडी. पण प्लगच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये थेंब रांगेने उभे होते. पाणी केबलच्या आवरणाच्या आतून, तारांच्या चार जोड्यांच्या मधल्या पोकळीतून, अख्खी केबल उतरून आलं होतं. वर पत्र्याच्या कडेला घासून आवरणाला नखाएवढी चीर पडली होती, तेवढीच.

(असं दिसलं तर अडॅप्टरला हात लावायच्या आधी बोर्डवरचं बटण बंद करा. एका बाजूला २३० व्होल्ट आहेत. घरच्यांनाही फोनवरच आधी हे सांगा.)

तो प्लग काढून जवळून पाहिला तर पुढची आठ पानं (तारांना जोडलेल्या धातूच्या पट्ट्या) एकसारखी खराब नव्हती. मधली दोन, म्हणजे चौथी आणि पाचवी, काळी पडून कुरतडल्यासारखी झाली होती आणि त्यांच्याभोवती हिरवट-निळा चिखल होता. शेवटची दोन, सातवी आणि आठवी, जवळजवळ पिवळीधमक होती. पाणी सगळ्यांवर सारखंच होतं. फरक विजेचा. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईत (लॅन केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीत) निळ्या जोडीवर धन आणि तपकिरी जोडीवर ऋण टोक असतं. मधे खारट पाणी आलं की धन बाजूचं तांबं विरघळत जातं. म्हणून पाणी शिरल्यावर पीओई चालू ठेवणं हेच सगळ्यात मोठं नुकसान करतं. ओला पण बंद रेडिओ बऱ्याचदा वाचतो. ओला आणि चालू असला तर चार-आठ दिवसांत त्याचा पोर्ट जातो. प्लगमध्ये निळ्या जोडीवर हिरवं दिसलं की समजायचं, रेडिओच्या पोर्टमध्येही तेच झालंय. नवा प्लग क्रिंप करून भागणार नाही.

केबल ओली आहे का हे साध्या मल्टिमीटरवर कळतं. दोन्ही टोकं काढा, मधे सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही काढा. मीटर २० मेगाओहमवर ठेवून निळी आणि तपकिरी, मग नारिंगी आणि हिरवी, अशा जोड्यांमध्ये मोजा. कोरडी केबल काहीच दाखवत नाही. काही किलोओहम किंवा काहीशे किलोओहम दिसले तर आत पाणी आहे. मोजताना प्रोबच्या टोकांना बोटं लावू नका, नाहीतर स्वतःच्या अंगाचा रोध मोजला जाईल. मग मीटर डीसी व्होल्टवर घ्या. काहीही जोडलेलं नसताना व्होल्टचा दशांशभर आकडा दिसत राहिला, तर त्या केबलच्या आत बॅटरीसारखी क्रिया चालू आहे.

एकदा पाणी भरलेली लॅन केबल सुकत नाही, हे मी ठामपणे सांगतो. दोन्ही टोकांपासून हवा लागते ती काही सेंटिमीटरच. मधलं पाणी ऑक्टोबरच्या उकाड्यातही तसंच राहतं. तारांवरचं प्लास्टिक शाबूत असलं तरी भागत नाही. तारांच्या मधे हवेऐवजी पाणी आल्याने केबलचा १०० ओहमचा इम्पीडन्स बिघडतो आणि डेटा परत उलटतो. गिगाबिट १०० वर येतं ते यामुळेच. टोकापासून एक-एक हात कापत जा. तांबं लखलखीत आणि आवरण आतून कोरडं दिसलं तर उरलेली केबल वापरा. दोन-तीन हात कापूनही निळसर-पांढरी भुकटी दिसत असेल तर ती केबल भंगारात द्या.

मग सीसीए केबलबद्दल. ॲल्युमिनियमच्या तारेला वरून तांब्याचा मुलामा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम भराभर खाल्लं जातं, तार पांढरी भुकटी होऊन मोडते. शिवाय तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा जास्त, म्हणजे लांब अंतरावर व्होल्टेज आधीच कमी पोहोचलेलं. किनाऱ्यावर बाहेर सीसीए टाकू नये. पैसे वाचत नाहीत. शुद्ध तांब्याची, काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची बाहेरची केबल घ्यावी. टॉवरवर शक्य असेल तर जेल भरलेली. पांढरी-राखाडी पीव्हीसी केबल घरातली आहे. दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि कावळे व खारी तिच्यावर तुटून पडतात.

टॉवरवरचे कोॲक्स जोड

सेक्टर आणि डिशला रेडिओ वेगळा जोडलेला असेल तर मधल्या पिगटेलकडे बघा. एन कनेक्टरमध्ये गॅस्केट असतं, ते असेल आणि नीट घट्ट केलं असेल तर तो पाणी अडवतो. आरपी-एसएमए या छोट्या कनेक्टरमध्ये काहीच नसतं. त्याला बाहेर उघडं ठेवणं म्हणजे पाण्याला बोलावणंच. केबलमधल्या पॉलिइथिलीनचा परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) सुमारे २.३, पाण्याचा ८० च्या आसपास. त्यामुळे कनेक्टरमधल्या एका थेंबानेही मेळ बिघडतो, आणि ५ गिगाहर्ट्झला पाणी सिग्नल शोषतंही. कोॲक्सच्या जाळीत पाणी चढलं की ते आत खेचलं जात राहतं. ती पिगटेल बदलायची, सुकवायची नाही.

टेप लावण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते. नुसती काळी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळली की उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून चिकट रस होतो आणि पहिल्या वळवाला ती सुटते. आधी जोड कोरडा आणि स्वच्छ करा. त्यावर सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप ताणून, रुंदी जवळजवळ निम्मी होईपर्यंत ताणून, अर्धा-अर्धा थर चढवत गुंडाळा. न ताणता लावली तर ती एकजीव होत नाही. वरून उन्हाला टिकणारी पीव्हीसी टेप. हा शेवटचा थर खालून सुरू करून वर न्यायचा, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदराची कड पाण्याला तोंड उघडून बसते. शेवटचा वेढा मात्र न ताणता टाका, नाहीतर टोक काही दिवसांत आपोआप उलगडतं.

सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्याला लागतं. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमसाठी मिळणारी स्वस्त ट्यूब बहुधा हीच असते. आणि सिलिकॉन कनेक्टरच्या आट्यांवर कधीच नको. पुढच्या वेळी तो जोड उघडणाऱ्याला टॉवरवर लटकून ते खरवडावं लागतं.

मग काय करायचं

केबलला झोळ द्या. रेडिओच्या तोंडाच्या खाली वीतभर केबल लोंबू द्या आणि मग वर वळवा. बाहेरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. खिडकीतून किंवा भिंतीतून आत येतानाही तसाच झोळ बाहेरच्या बाजूला हवा, आणि भोक आतून बाहेर उतरतं पाडा. अडॅप्टर केबल उतरते तिथे बरोब्बर खाली लावू नका. कडेला, थोडा उंचावर लावा, म्हणजे कधी केबलमधून पाणी आलंच तर ते त्याच्याआधी खाली गळेल. पत्र्याच्या कडेवरून केबल जात असेल तिथे पाइपचा तुकडा चिरून चढवा.

रेडिओ नेहमी केबलचं तोंड खाली करूनच बसवा. जागा मिळाली नाही म्हणून उलटा किंवा आडवा बसवलेला रेडिओ पावसाळ्यात जाणारच. कौलारू घरात केबल आढ्यावरून उतरून खालच्या रेडिओत जात असेल, तर तिथे झोळ आणखी महत्त्वाचा. वर चीर पडली तर सगळं पाणी थेट रेडिओच्या पोर्टमध्ये जमा होतं. अशा ठिकाणी झोळाच्या तळाशी केबलच्या आवरणालाच खालून छोटा छेद देतात, आतल्या तारांना न दुखवता, म्हणजे आतलं पाणी तिथून गळतं. नव्या केबलवर हे करू नका. पण घर असं आहे की केबलचा वरचा भाग बदलता येत नाही, तिथे याने रेडिओ वाचतो.

खालचं गळतीचं भोक उघडं आहे का बघा. ते कुंभारीण माशीला फार आवडतं. मातीने लिंपून टाकते आणि रेडिओ भरलेला राहतो. मुंग्यांची वारुळं, पालींची अंडी हेही सापडतं. तारेने साफ करा. मुंग्या फार असतील तर भोकाला बारीक जाळी लावा, बुच नको.

आरजे-४५ प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून मग पोर्टमध्ये घाला. स्प्रिंगच्या दाबाने पानं एकमेकांना टेकतात आणि आजूबाजूची जागा ग्रीसने भरते, पाण्याला जागाच उरत नाही. किनाऱ्यावरच्या कामात या एका सवयीने जेवढे पोर्ट वाचतात तेवढे दुसऱ्या कशाने वाचत नाहीत. ग्लँड (केबल आत शिरते तिथला रबरी आवळ) असेल तर त्यातलं रबर केबलच्या जाडीचं आहे याची खात्री करा. जाड केबलच्या ग्लँडमधून बारीक केबल घालून वर टेप गुंडाळली तर त्याला ग्लँड म्हणता येत नाही.

रेडिओला प्लास्टिकची पिशवी बांधू नका. आतला दमटपणा अडकतो आणि ओली पिशवी रेडोमला (अँटेनावरच्या प्लास्टिकच्या कव्हराला) चिकटली की पुढे पाण्याचा पडदा तयार होतो. खालून मोकळं, हातभर अंतर राखून वर केलेलं छोटं छप्पर चांगलं, पण ते अँटेनाच्या समोर येता कामा नये आणि पत्र्याचं नको. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय की वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो, तेव्हा छपराचा उपयोग होत नाही. झोळ आणि गळतीचं भोक त्याही वेळी काम करतात. रेडोमवर शेवाळ धरलं असेल तर मऊ फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसा. शेवाळ पाणी धरून ठेवतं.

हे सगळं मे महिन्यात, वळीव पडायच्या आत करायचं. पाऊस लागल्यावर ओल्या पोलवर, विजा चमकत असताना कुणी चढू नये. एका लिंकसाठी तो धोका घेण्यासारखा नाही. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी.

ओला रेडिओ हाती आला तर

पॉवर ताबडतोब काढा. रेडिओ उघडून आत पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर नुसतं सुकवणं पुरत नाही, मीठ तसंच राहतं. आधी डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने मीठ धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पत्र्याची शील्ड निघत असेल तर काढून खालीही बघा, पाणी तिथेच दडून बसतं. मग ५० अंशांच्या आसपास कोमट हवेत दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर लांबून चालेल, हीट गन नको. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने मीठ निघत नाही आणि पोर्टमध्ये पीठ जातं. पूर्ण सुकल्याशिवाय "चालू होतो का बघू" म्हणून पॉवर देऊ नका.

चालू झालेला असा रेडिओ टॉवरवर किंवा दूरच्या गिऱ्हाइकाकडे परत लावू नये. त्याच्या पोर्टची पानं आधीच झिजलेली असतात. तो हाताशी राहणारा, दुकानात चाचणीसाठी किंवा जवळच्या घरी तात्पुरता द्यायला ठेवावा. आणि रेडिओ बदलताना केबल मीटरवर मोजल्याशिवाय नवा रेडिओ त्याच केबलला जोडू नये. दर वर्षी त्याच पोलवर जाणारे बहुतेक रेडिओ इथेच जातात.